रांगोळीतला कंटेनर

श्रीदेवी सकाळपासून एका जागी टिकत नव्हती. कंटेनरवाल्याचा फोन येऊन गेला होता, "ताई, वीस फुटी की चाळीस? क्रेनवाल्याला सांगायचं हाय." "सांगते," म्हणून हिनं फोन ठेवला होता. शेडात जायची, अंगणात यायची, फोन बघायची, पुन्हा शेडात.

अक्कलकोट रोडला तिचा कडक भाकरीचा धंदा. पत्र्याच्या शेडात सात बायका भाकऱ्या थापायच्या. भाकरी अशी, की मोडली की कडाकड वाजावी. पण पावसाळ्यात तीच सादळायची आणि दुकानदार नाक मुरडून परत धाडायचे. म्हणून भाकऱ्या ठेवायला कोरडी, बंद जागा हवी होती, जहाजावरचा जुना लोखंडी कंटेनर चालला असता. एवढंच हवं होतं हो! पण बाईनं मोबाइलवर कंटेनरातली स्वयंपाकघरं बघितली. फरशा काय, पंखे काय! झालं, डोक्यात खूळ शिरलं. आता माल नव्हे, अख्खा कारखानाच आत न्यायचा.

चाळीस फुटीत सगळं आरामात मावलं असतं. पण तेवढा लांब ट्रेलर गल्लीच्या तोंडच्या देवळापाशी वळणार कसा? तिचा नवरा प्रभु वळणाला टेप लावून लावून दमला. "देऊळ उचलून बाजूला ठिवू का आता?" तो खेकसला. राहिला वीस फुटी.

"त्यात बायका मावत्यात का बघू तरी," म्हणत श्रीदेवीनं अंगणात रांगोळीनं वीस फुटी कंटेनर आखला. एका बाजूला भाकऱ्यांचे रॅक लावले. उरलेल्या जागेत एकच रांग बसणार. "बसा गं," ती म्हणाली.

बायका काय दुधखुळ्या नव्हत्या. नागव्वा तर शेगडी घेऊन पळतच आली आणि ऐसपैस मांडी ठोकून बसली. परातीला परात लागली, कोपराला कोपर. सहाजणी बसल्या आणि रांगोळी भरली.

सातवी अक्कम्मा. गुडघे धरत ती शेवटी आली, हातात कापडी पिशवी. नवी नवरी होऊन आलेल्या श्रीदेवीची भाकरी परातीतच फाटायची, तेव्हा तिचा हात धरून थापायला शिकवलं ते हिनंच. आता तिचाच हात मंदावला होता.

"नागव्वा, सरक की जरा," श्रीदेवी म्हणाली.

"कुटं सरकू? भिंतीत शिरू व्हय?"

भिंत कुठली, नुसती रांगोळी! पण नागव्वानं पायाचं बोट बाहेर काढलं नाही. बाकीच्या माना खाली घालून बसल्या. कोण बाहेर राहणार, हे न बोलताच ठरून गेलं होतं.

"मी भाईरच बरी," अक्कम्मा हसून म्हणाली. "गर्मी लई हुईल आत."

श्रीदेवीची नजर पिशवीवर गेली. आत लोखंडी तवा होता. धंदा सुरू झाला तो ह्याच तव्यावर. श्रीदेवीकडे तेव्हा दुसरा नव्हताच, अक्कम्मानं घरचा आणून दिला होता.

"ह्यो कुटं निघाला?"

"घरी. नव्या जागेत जुना कशाला, म्हणलं."

म्हणजे म्हातारीनं सकाळीच ओळखलं होतं! श्रीदेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला तो नागव्वाचा नाही, स्वतःचाच. तेवढ्यात कंटेनरवाल्याचा फोन वाजला.

"वीस फुटी पाठवा," ती म्हणाली. रांगेतल्या सहाजणींनी सुटकेचा निःश्वास सोडला. "नुसत्या भाकऱ्या ठिवायला. खिडकी नको, पंखा नको. माणसं न्हाईत बसायची आत."

"आन् आमी?" नागव्वा किंचाळली.

"शेडात, हाय तितंच. पत्रं नवं घालते. उठा."

अक्कम्माच्या पिशवीतला तवा काढून घेऊन, रांगोळी तुडवत श्रीदेवी शेडात गेली. शेगडी पेटवून तिनं तो वर ठेवला आणि शेजारी फतकल मारली. अक्कम्मा अजून अंगणातच उभी होती, रिकामी पिशवी हातात धरून.

"अक्कम्मा, ये की," श्रीदेवीनं हाक मारली. "तवा तापला."