सालईच्या देवळाची धास्ती

मित्रांनो, मी पुण्यातल्या एका टेकडीवरच्या रानातलं लहानसं देऊळ आहे. वय अवघं अकरा वर्षं, पण धास्ती मात्र म्हाताऱ्याची.

मला छप्पर नाही, मूर्ती नाही. भैरू गवंड्याने काळ्या दगडाच्या चार बुटक्या भिंती रचल्या. मधोमध उभं असलेलं सालईचं झाड हाच माझा देव. कल्पना शर्मिलाबाईंची. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. इथे उदबत्ती नाही, दिवा नाही. पायथ्यापासून पाणी आणून भोवती लावलेल्या रोपांना घालायचं, हीच पूजा. कोणी कुरकुरलं तर बाई म्हणत, "अहो, देवाला अंधारात दिसतं. दिवा तुम्हाला लागतो."

सुरुवातीला कौतुक झालं, फोटो निघाले. मग माणसं कमी झाली आणि गवत माजलं. उन्हाळ्यात ते वाळलं की माझा जीव टांगणीला लागतो.

गेल्या एप्रिलमध्ये भर दुपारी हडपसरचा चेतन धापा टाकत वर आला. 'इथे काहीही पेटवू नका' ही पाटी वाचूनही त्याने कापूर पेटवला. "नम्रताला वाचव," एवढंच पुटपुटला. मला ओरडावंसं वाटलं, पण दगडाला कुठला आवाज? वाऱ्याने कापूर गवतात लोटला आणि आग थेट सालईच्या खोडाला भिडली.

तेवढ्यात पाण्याचा कॅन घेऊन शर्मिलाबाई पोचल्या.

"मुलीचं आज ऑपरेशन आहे हो! मला काही सुचेना," चेतन रडकुंडीला आला.

"मग इथे काय करताय? जा तिच्याजवळ. आग मी बघते."

"मीच लावली. विझल्याशिवाय कसा जाऊ?"

दोघांनी ओल्या फडक्यांनी गवत झोडपलं. बाईंचा हात भाजला. चाळीस रोपं गेली. सालई वाचली, पण एका बाजूने काळी पडली. चेतन धावतच खाली उतरला.

त्या मुलीचं काय झालं असेल? दोन महिने मला दुसरं काही सुचलं नाही. मग एका सकाळी तो आला. सोबत तोंडाला मास्क लावलेली, पायरीपायरीवर थांबणारी नम्रता. तिने भाजलेल्या खोडावर हात ठेवून विचारलं, "बाबा, यालाही टाके घातलेत?"

चेतनने हातातली पाण्याची बाटली तिला दिली. तिने सगळं पाणी हळूहळू मुळाशी ओतलं.

मित्रांनो, नवस जरूर बोला. फक्त काडेपेटी घरी ठेवून या. मला पळता येत नाही, आणि माझ्या देवालाही नाही.