व्हरांड्यातला वर्ग

सासूबाई रोज विचारायच्या, "मेलेल्या ग्रीकांचं शिकून जिवंत माणसांच्या कपड्यांच्या सुरकुत्या जाणारेत का?" इस्त्रीवाली हसायची, पिशवी उचलायची आणि संध्याकाळच्या कॉलेजला निघायची. दिवसभर लॉन्ड्रीत वाफ खाऊन जीव मेटाकुटीला आलेला असे, पण प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा तास तिने कधी बुडवला नाही. लहानपणी "कशावरून?" विचारलं की तिला टप्पल बसे, लग्नानंतर टप्पल गेली, टोमणे आले. इथे मात्र गुरूने म्हणावं, सगळं मुळात पाणी. शिष्याने म्हणावं, छे, पाणी कसं असेल! आणि तरी शिष्याचं नाव गुरूच्या शेजारीच घेतलं जाई. असं घर तिला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं.

त्या घरावरच संक्रांत आली. बाकीची मुलं नोकरीच्या विषयांकडे पळाली, वर्गात ती एकटी उरली. प्राचार्यांनी बजावलं, "ज्या दिवशी वर्ग भरणार नाही, त्या दिवसापासून विषय बंद." आणि सोमवारी बघते तर खोलीत मोडके बाक कोंबलेले, दाराला कुलूप.

सर निवृत्तीला टेकलेले, स्वभावाने गरीब गाय. म्हणाले, "जाऊ द्या बाई. मीच विषय सोडला म्हणून सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"वा! त्या ग्रीकांची एक शाळा खांबांच्या व्हरांड्यात भरायची, शाळेला नावही व्हरांड्यावरूनच पडलं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं. पण..."

"मग हा काय आहे?" ती खोलीबाहेरच्या व्हरांड्यातल्या खांबाला टेकून फरशीवर बसली. "बसा. सुरू करा."

सर गुडघे सांभाळत बसले. माणसाच्या हातात काय असतं आणि काय नसतं, यावर बोलायला लागले. आवाज आधी चिरका होता, मग तापला.

"खोली आपल्या हातात नाही," ते म्हणाले.

"तोंड आहे," ती म्हणाली. सर कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

हसणं ऐकून प्राचार्य आले. "काय चाललंय?"

"वर्ग."

"वर्ग खोलीत भरतो."

"कशावरून?"

प्राचार्यांचा चेहरा लालबुंद झाला. "उद्यापासून इथे स्कूटर लागतील! एक इस्त्रीवाली आणि एक म्हातारा, नुसता तमाशा."

सरांची मान खाली गेली. ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचा अपमान तिने हजारदा गिळला होता, हा गिळवेना.

"लावा की स्कूटर," ती उठून म्हणाली. "आम्ही चालत चालत शिकू. तेही ग्रीकांनी करून ठेवलंय. रस्त्याला कुलूप लावता येतं का, तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात खरंच स्कूटरींची रांग होती. सर कुठेच दिसेनात. आले नसतील, तिला वाटलं. आता विषयही गेला आणि सरही.

तेवढ्यात प्राचार्यांच्या खिडकीखालून खणखणीत आवाज आला. सर तिथे उभे होते, पायात कॅनव्हासचे बूट, हातात हजेरीपट.

"इस्त्रीवाल्या बाई!"

खिडकी धाडकन उघडली.

"हजर!" ती ओरडली, आणि दोघं चालायला लागले.