चकमकीच्या पिस्तुलांचा संसार

नानांच्या बैठकीत काचेच्या पेटीत दोन चकमकीची पिस्तुलं होती. त्यांचा बार शेवटचा कधी उडाला, कुणाला ठाऊक नव्हतं. नोकरीत नानांचाही कधी उडाला नव्हता. त्यामुळे एकमेकांचं बरं जमायचं.

बायको गेल्यावर नानांनी या पिस्तुलांचा संसार मांडायला घेतला. बारूद ठेवायची शिंगडी, गोळ्या ओतायचा साचा, चकमकीच्या दगडांसाठी चामड्याची पिशवी. सगळं पिस्तुलांच्याच काळातलं हवं. ते तसं आहे की नाही, हे ठरवायला दर आठवड्याला संग्रहालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. त्यांना 'खुसपटराव' हे नाव नानांनीच ठेवलेलं; त्यांना ती पदवी वाटायची.

"साच्याची मूठ नंतरची आहे, नाना. कुणी मारली गळ्यात?"

"तुम्हीच आणायला सांगितलात ना साचा?"

"साचा मी सांगितला. मूठ तुमची हौस."

एवढ्या भांडणावर नानांचा आठवडा निघायचा. मूठ बदलली, पिशवी बदलली. आणि एक दिवस खुसपटरावांनी भिंग फिरवून म्हटलं, "छान. आता काही राहिलं नाही." चहाही न घेता गेले, ते पुन्हा फिरकलेच नाहीत. पेटी पूर्ण झाली आणि घर खायला उठलं.

मुलीने फोनवर कुत्रा पाळायला सुचवलं. कुत्रा खुसपटं काढत नाही, एवढीच नानांची अडचण होती.

शेवटी त्यांनी जुन्या बाजारातून एक पितळी डबी आणली. पिस्तुलात दगडाच्या ठिणगीऐवजी स्फोटक भरलेली तांब्याची टोपी बसवायला लागले, त्या नंतरच्या जमान्यातली, टोप्यांची डबी. म्हणजे घोडागाडीला पेट्रोलची टाकी. ती त्यांनी पेटीत अगदी दर्शनी ठेवली आणि फोन केला. "नवी वस्तू घेतलीय. बघून जा."

खुसपटराव आले. भिंग फिरलं. नाना बोलणी खायला सरसावून बसले.

"छान. अगदी शोभतेय."

नानांनी नीट पाहिलं. भिंग रिकाम्या मखमलीवर होतं. डबी वीतभर पलीकडे.

पेटीत कुणी हात घालायचा नाही, असा नानांचा दंडक होता. त्यांनी डबी काढून खुसपटरावांच्या तळहातावर ठेवली. "हातात घेऊन बघा. मला जरा शंका येतेय."

अंगठा झाकणावरून फिरला. डबी उघडली. बोटांनी आतला एकेक तुकडा चाचपला.

"टोप्या? चकमकीच्या पिस्तुलाला? अक्कल गहाण टाकलीत का, नाना?"

"तुम्ही येत नाही. मग होतं असं."

खुसपटरावांनी डबी मिटली. "येऊन करू काय? अर्धंअधिक धूसर दिसतं आता."

नानांनी त्यांच्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि तिथे एक पिस्तूल ठेवलं.

"सावकाश चाचपा. इथे घाई कुणाला आहे?"