बाकाखालचं पाणी

प्लंबरच्या साडूला जगातलं सगळं ठाऊक होतं, आणि जे ठाऊक नव्हतं ते तो आणखी ठासून सांगायचा. त्यामुळे रविवारी बायको म्हणाली, "ताई-भावजी येतायत, त्यांना ती वेड्या मालकाची हवेली दाखवू या," तेव्हा प्लंबर इतक्या चटकन तयार झाला की तिला संशयच आला.

मालक जाऊन जमाना झाला होता. वारस कुणी नाही, म्हणून हवेली आणि आवार आता सार्वजनिक बाग झालं होतं. छताला जाऊन आपटणारे जिने, उघडलं की पुढ्यात भिंतच येणारी दारं, मांजरांसाठी वेगळा दिवाणखाना. शिवाय पाहुण्यांची फजिती करायला मालकानं एका बाकात चोरनळ बसवले होते. वर्षानुवर्षं ते बंद पडले होते. गेले तीन आठवडे प्लंबर तेच दुरुस्त करत होता, पण घरी त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

"हा जिना भूकंपासाठी," साडूनं सांगितलं. भिंतीवर उघडणाऱ्या दारापाशी म्हणाला, "हवा खेळती राहते." ताईनं बहिणीकडे बघून कपाळाला हात लावला. प्लंबर मात्र नंदीबैलासारखी मान डोलावत होता.

मागच्या अंगणात आल्यावर तो अदबीनं म्हणाला, "दमला असाल साडूभाऊ, टेका जरा."

साडू संगमरवरी बाकावर ऐसपैस बसला. प्लंबर झुडपाआड सटकला आणि त्यानं कॉक अर्धा फिरवला.

"या दगडाचं वैशिष्ट्य म्हणजे," साडू सांगत होता, "पाण्याचा थेंबसुद्धा याच्यावर..."

बाकाच्या कडेनं डझनभर धारा उसळल्या. साडू उठायला गेला तर समोरची फरशीसुद्धा कारंजं झाली. बिचारा परत बसला. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. ताई पोट धरून हसायला लागली, ती थांबेचना.

"गार आहे," साडू एवढंच म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

बागेचे अधीक्षक धावत आले. "कुणी उघडलं? उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे!"

"चाचणी घेत होतो साहेब," प्लंबर कॉक बंद करून झुडपातून बाहेर येत म्हणाला. "माणूस बसवल्याशिवाय दाब कळत नाही."

"म्हणजे माणूस मी?" साडूनं विचारलं. आता भडका उडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण साडूनं रुमाल पिळला, बाकाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "डावीकडची तिसरी धार मेलीय. माझी डावी बाजू कोरडी आहे बघा."

प्लंबरला हसू आलं. पण बघतो तर खरंच, तिथं भोकात खडा अडकलेला! तीन आठवड्यांत त्याच्या नजरेतून सुटला होता. "मानलं तुम्हाला," तो मनापासून म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून तारेनं भोक टोकरू लागला.

तेवढ्यात त्याची बायको दिसेनाशी झाली.

खडा सुटला तो थेट प्लंबरच्या कपाळावर, आणि मागोमाग पाणी नाकातोंडात.

"अहो, कॉक उजवीकडे फिरवायचा की डावीकडे?" झुडपामागून गोड आवाज आला.

"दोन्हीकडे फिरवा!" साडू ओरडला आणि बाकावर परत जाऊन बसला. "ताई, तूसुद्धा ये!" बायकोनं धारांत शिरत हाक मारली. ताई चपला काढून निघाली, आणि तिच्या मागोमाग अधीक्षकांनी हळूच हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं.

संध्याकाळी बसमध्ये कंडक्टरनं चौघांपैकी एकालाही सीटवर बसू दिलं नाही.