केस स्टडी : रामदासचा आवाज

पार्श्वभूमी : निजामपुऱ्यात आमच्या भिंतीला लागूनच कापड विणणारे लूम चालायचे. त्या खडखडाटात घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं.

अडचण : १९९२. इंग्लंडमधलं बिझनेस स्कूल. मी तोंड उघडलं की वर्ग दचकायचा. माझ्या गटातल्या हेल्गाने एकदा विचारलं, "तू आमच्यावर चिडलायस का?"

उपाय : मी हळू बोलायला शिकलो. इतका, की परीक्षेआधीच तिथे नोकरी पक्की झाली. परत येणार नाही, एवढं आईला सांगायचं राहिलं.

शुक्रवारी लूम बंद असायचे. म्हणून शुक्रवारीच आमच्या गल्लीतल्या पीसीओवर फोन लावला आणि आईला बोलावून घेतलं.

"आये, मी रामदास."

"कोन?"

"रामदास गं."

"खोटं नको बोलू. माझा रामदास असा कुजबुजत न्हाय." मग शेजारणीला हाक : "राहीबाई, बघ गं, कोन सायेब हाय!"

हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये मी घसा फाडून ओरडलो, "आये!" चार दारं उघडली.

"हां, आता बोल."

त्या आवाजात 'येणार नाही' हे शब्द निघेचनात.

"परीक्षा झाली की येतोय," मी ओरडलो.