जागचं न उठणारं चाक

सकाळपासून बापाने लेकीच्या गो-कार्टचा मागचा अ‍ॅक्सल तीनदा बदलला होता. आधी जरा लवणारा, मग मधला, मग कडक. दर वेळी चाकं काढा, बेअरिंग सैल करा, तो लांबलचक दांडा ठोकून बाहेर काढा. त्याच्या बोटांची सालटी निघाली होती आणि लेक दर फेरीनंतर हेल्मेट काढून तेच रडगाणं गात होती.

"बाबा, वळणावर आतलं मागचं चाक जमिनीवरून उठतच नाही. दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर जखडलेली; आतलं जरा उचललं गेलं नाही तर गाडी वळत नाही, नुसती फरफटते."

"मग आता माझं हाड बसवू का अ‍ॅक्सलच्या जागी?" तो खेकसला.

शेवटी पाना आपटून तो स्वतःच वळणापाशी जाऊन उभा राहिला. लेक भरधाव आली आणि वळताना अख्खी आतल्या बाजूला झुकली. सगळा भार त्याच चाकावर! मग ते उठेल कसं, कपाळ?

त्याने हात करून गाडी थांबवली. "अगं, आत काय झुकतेस? कुठल्या गाढवाने शिकवलं हे तुला?"

"तुम्हीच, बाबा. स्कूटर शिकवताना. झुकले नाही म्हणून धपाटाही घातला होतात."