सात नंबरच्या झाडीतली मोजणी

सात नंबरच्या झाडीत फारसे पक्षी उरले नाहीत, हे सिरिल पॅनेटनेच लिहून दिलं होतं. एकदा नव्हे, सलग तीन वर्षं. आता त्याच कागदांच्या आधाराने इस्टेटीवर ठरत होतं की पाहुण्यांना राहायला लाकडी खोल्या बांधायच्या त्या सात नंबरची झाडी तोडूनच. पक्षी नाहीत तिथे तोडलेलं बरं, असा हिशेब. बैठक शुक्रवारी होती.

पूर्वी इथे सगळा गहू. सिरिलने चाळीस वर्षं त्यात ट्रॅक्टर चालवला. हिवाळ्यात शेताच्या कडेची झुडपं तो अशी छाटायचा की वरून पेला ठेवला तर पाणी सांडू नये. मग मालकाच्या मुलाने नांगर विकले, कुंपणं काढली आणि लांब शिंगांची गुरं, डुकरं, तट्टं रानात मोकळी सोडली. गाव हसलं. सिरिल सगळ्यांत मोठ्याने हसला, "काटे पिकवणार म्हणे!" पण पाचव्या वर्षी त्या काट्यांत नाइटिंगेल गायला लागला. गाव त्या पक्ष्याला कधीच विसरून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सिरिल जुनी दुर्बीण गळ्यात घालून इस्टेटीच्या दारात उभा. तेव्हापासून सात नंबरची मोजणी त्याची.

मोजणीचा नियम कडक. उजाडताना निघायचं, ठरलेल्या दहा जागी पाच-पाच मिनिटं उभं राहायचं आणि स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच लिहायचं. "इथे असणारच" म्हणून काही लिहायचं नाही. दाट काट्यांत दिसणार काय कपाळ! सगळा भरवसा कानांवर. सिरिलने नियम कधी मोडला नाही. म्हणून मोजणीचं काम बघणारी हॅरिएट त्याचा कागद उलटतपासणी न करता ठेवून द्यायची.

त्या बुधवारी त्याचा गुडघा सुजला होता, म्हणून मॉरीन, त्याची बायको, पहिल्यांदाच बरोबर निघाली.

"स्टूल मी घेते. आणि चालताना कण्हू नकोस, पक्षी उडतील."

"तू गप्प राहिलीस तरी पुष्कळ."

"लग्नाला बावन्न वर्षं झाली. आता कुठून शिकू?"

चौथ्या जागी सिरिलने लिहिलं: काळा कस्तुर एक, रानकबुतरं दोन, लांबवर कुक्कू. मग पेन्सिल कानामागे खोचली.

"बघ, संपलं. पूर्वी इथे लिहायला हात पुरायचा नाही."

"मग हे काय किरकिरतंय मघापासून?"

"काय?"

"अरे हे! कुणीतरी गळाची चकरी गुंडाळतंय बघ, थांबायचं नावच नाही."

"इथे ना तळं, ना मासा."

"तुझ्या तळ्याला आग लाव. त्या काट्यात आहे."

तिने बोट केलं तिकडे सिरिलने दुर्बीण धरली. खालच्या फांदीवर एक तपकिरी पक्षी बसला होता, अंगठ्याएवढा. चोच सताड उघडी, गळा थरथरतोय, सगळं अंग थरथरतंय. नाकतोड्यासारखा गाणारा वटवट्या. तीन वर्षं त्याने कागदावर न घेतलेला. सिरिलला काहीही ऐकू येत नव्हतं.

"अजून चालू आहे?"

"चालूच आहे की."

पक्ष्याने चोच मिटली. "आता?"

"आता थांबलं."

सिरिल हळूच स्टुलावर बसला. मॉरीन त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोक्यात दुसरंच काही जुळलं.

"सिरिल, सकाळी केटली शिट्टी मारते..."

"शिट्टी मारते?"

दोन वर्षं ती त्याला आळशी म्हणत आली होती. केटली ठणाणा करते आणि हा खुर्चीतून हलत नाही म्हणून एकदा तिने टॉवेल फेकून मारला होता. आता ती ओल्या गवतात त्याच्या पायाशी बसली आणि त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर तळवा ठेवला.

"माझं बोलणं तर ऐकू येतं तुला."

"तुझा आवाज जाडा आहे. गाईगुरांचाही येतो."

ती हसली, पण तो हसला नाही. "सांगितलं तर मोजणी काढून घेतील, मॉरीन."

"घेतील."

"मग पहाटे मी करू काय?"

"माझ्याशेजारी झोप. लोक झोपतात म्हणे."

समोरचा पक्षी पुन्हा चोच उघडून बसला होता. सिरिल त्याच्याकडे बघत म्हणाला, "ह्याला मी तीन वर्षं मेलेला ठरवलं," आणि काठी टेकून उठला.

हॅरिएट जुन्या गोठ्यात टेबल मांडून बसायची. सिरिलने टोपी काढली. "पोरी, सात नंबरचे माझे तीन कागद फाडून टाक. पक्षी आहेत. बारीक आवाज मलाच ऐकू येत नाही."

हॅरिएटने कागद काढले, फाडले नाहीत. "मिस्टर पॅनेट, तुम्ही आत्ता म्हणालात ते तिन्हींवर लिहा आणि सही करा." त्याने तिन्हींवर लिहिलं आणि सही केली. मग ती म्हणाली, "पण शुक्रवारी नुसतं हे पुरणार नाही. नवी मोजणी लागेल, ती उद्याच. बाकी सगळे आपापल्या झाडीत असतील. चांगले कान आणू कुठून?"

बोलता बोलता तिची नजर दाराशी उभ्या मॉरीनवर गेली.

"माझ्याकडे नको बघूस, बाई. मला कावळा आणि कोंबडी, एवढाच फरक कळतो."

"ऐकायचं तुम्ही. नाव ते सांगतील. कागद तुमच्या नावाचा."

शुक्रवारी खोल्या जुन्या खळ्याच्या फरशीवर बांधायचं ठरलं आणि झाडी वाचली, ते पुढचं. गुरुवारी उजाडताना दोघं पुन्हा झाडीत होती, आणि आज वही मॉरीनच्या हातात होती.

"तेलपाणी न केलेलं बारकं चाक," ती कुजबुजायची, "वर-खाली, वर-खाली, आणि शेवटी पायरी चुकून घसरतं."

"डोक्यावर सोनेरी पट्टीवाला. सगळ्यांत लहान. लिही."

"स्पेलिंग?"

"लिही गं कसंही."

सातव्या जागेपर्यंत अकरा जातींचे पक्षी झाले. आठव्या जागी सिरिल काही सांगायला गेला, तर तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प. मोजणी माझी आहे."

कान देऊन झाल्यावर ती त्याच्या कानाशी वाकली आणि ओठांचा चंबू करून, जमेल तसं, नुकत्याच ऐकलेल्या पक्ष्याचं गाणं गाऊन दाखवलं. वेडंवाकडं, श्वास मध्येच तुटलेला. सिरिलने डोळे मिटले.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

ओळखलं तर त्याने पहिल्याच वेळी होतं.